झोनची रेघ आणि उन्हाची वाट

न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहराजवळ ‘फर्स्ट व्हिलेज’ नावाची एक छोटी वसाहत आहे. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर नुसत्या उन्हावर घरे उबदार ठेवण्याचे जे प्रयोग अमेरिकेत झाले, त्यांतले एक अतिशय गाजलेले घर या वसाहतीत आहे. लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सौर ऊर्जेवर काम करणारे डग्लस बाल्कम तिथे राहत, म्हणून ते ‘बाल्कम हाउस’ याच नावाने ओळखले जाते. घर दुमजली, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे काटकोनात वळलेले. त्या काटकोनाच्या कुशीत, दक्षिणेला तोंड करून, दोन मजले उंचीचे काचघर. काचघर आणि राहत्या खोल्या यांच्यामध्ये अडोबीची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची जाड भिंत. सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातल्या रात्री कडाक्याच्या असतात, पण दिवसा आकाश स्वच्छ असते आणि सूर्य खाली असतो. त्याचे तिरपे ऊन काच ओलांडून थेट मातीच्या भिंतीवर पडते, भिंत दिवसभर तापते आणि अंधार पडल्यावर ती ऊब मागच्या खोल्यांना हळूहळू सोडत राहते. या घराचा सगळा जीव त्या एका भिंतीत आहे.

आता हेच घर आज एखाद्या होतकरू इंजिनिअरने एनर्जीप्लसमध्ये बसवले असे समजा. एनर्जीप्लस हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तयार करवून घेतलेले, फुकट मिळणारे आणि जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे. इमारतीला वर्षभर किती गारवा, किती ऊब आणि किती वीज लागेल याचा ते तासातासाचा हिशेब देते. त्यात खोलीत शिरलेल्या उन्हाचे काय करायचे हे ठरवणारी एक निवड असते. ती कोणी बदलली नाही, तर सॉफ्टवेअर असे धरते की खिडकीतून आलेले सगळे थेट ऊन जमिनीवरच पडले. जमिनीने शोषून उरलेले जे परत उसळते, ते खोलीतल्या सर्व पृष्ठभागांवर सारखे पसरते. म्हणजे बाल्कम हाउसच्या मॉडेलमध्ये ज्या भिंतीसाठी घर बांधले, तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. उत्तर मात्र दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांसह छापून येते.

इमारतीचे ‘झोन’ पाडणे, म्हणजे कुठल्या जागेला एक हवा आणि एक तापमान मानायचे हे ठरवणे, हे अमेरिकेतल्या बहुतेक कचेऱ्यांत आखणीचे किरकोळ काम समजले जाते. ते कनिष्ठांकडे सोपवतात. माझे म्हणणे असे की झोनची रेघ हा ऊन कुठे जाते याविषयी केलेला दावा आहे आणि तो दावा चुकला, तर पुढची सगळी गणिते अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. अमेरिकेत प्राथमिक ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के आणि विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश इमारतींत खर्च होते. कायदे, मानांकने, करसवलती, यंत्रांची खरेदी हे सगळे या मॉडेलांच्या भरवशावर चालते. तिथे ही रेघ सहज ओढून चालणार नाही.

ही पद्धत अशी का झाली हे समजून घेतले पाहिजे, कारण ज्यांनी ती बांधली ते कसलेले लोक होते. राष्ट्रीय मानक संस्थेत तामामी कुसुदा यांनी १९७० च्या दशकात खोलीच्या उष्णतेचा ताळेबंद मांडणारा कार्यक्रम लिहिला. इलिनॉयमधल्या शँपेन गावी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत ‘ब्लास्ट’ तयार झाला, तर कॅलिफोर्नियात बर्कलीच्या प्रयोगशाळेत ‘डीओई-२’. दोन्हींचा खर्च सरकारच करत होते, तेव्हा १९९६ मध्ये दोन्ही एकत्र करून नवे सॉफ्टवेअर करायला घेतले आणि २००१ च्या एप्रिलमध्ये एनर्जीप्लस बाहेर पडले. या कार्यक्रमांच्या सुरुवातीच्या काळातल्या संगणकांवर वर्षाच्या ८७६० तासांत प्रत्येक किरणाचा माग काढणे परवडणारे नव्हते. म्हणून काटकसर केली गेली. अजूनही नेहमीच्या मांडणीत सावल्या रोज नव्याने काढल्या जात नाहीत. वीस दिवसांसाठी सूर्याची एक सरासरी वाट धरून काम भागवले जाते. ही काटकसर करणाऱ्यांनी ती लपवली नाही. सूचनापुस्तकात सगळे स्वच्छ लिहिले आहे. वाचणारे कमी पडतात.

त्याच पुस्तकात आणखी एक अट लिहिली आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मूळ तिथे आहे. ऊन फक्त जमिनीवर न टाकता प्रत्यक्ष ज्या भिंतीवर, ज्या दारावर पडेल तिथेच मोजायचे असेल, तर तशीही निवड एनर्जीप्लसमध्ये आहे. पण नेहमीच्या पद्धतीत तिच्यासाठी झोन ‘बहिर्वक्र’ हवा. शाळेच्या भूमितीत बहिर्वक्र चौकोन सगळ्यांनी पाहिलेला असतो: कुठलाही कोपरा आत घुसलेला नाही, आणि आतल्या कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारी रेषा आकृतीबाहेर जात नाही. खोलीला हीच अट लावली तर असे होते की कुठलीही सरळ रेषा खोलीच्या पृष्ठभागांना दोनदाच छेदते. एकदा आत येताना, एकदा बाहेर जाताना.

ही अट का, ते एका खोलीत उभे राहून पाहू. अमेरिकी उपनगरातले नेहमीचे घर घ्या. बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंती नाहीत, सगळे मिळून ‘एल’ आकाराची एकच मोकळी जागा. एक हात पूर्व-पश्चिम पसरलेला, त्याच्या दक्षिण भिंतीला मोठी खिडकी. दुसरा हात पश्चिमेच्या टोकाकडून उत्तरेला गेलेला. हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य दक्षिणेच्या थोडा पूर्वेला आहे. त्या खिडकीच्या पूर्वेकडच्या भागातून एक किरण वायव्येच्या अंगाने आत शिरतो आणि चार मीटरवर समोरच्या भिंतीला भिडतो. त्याचा प्रवास तिथे संपला. पण तीच रेषा कागदावर पुढे ओढा. ती भिंतीपलीकडे घराबाहेर पडते, अंगणाचा तुकडा ओलांडते, ‘एल’च्या दुसऱ्या हाताच्या भिंतीतून पुन्हा घरात शिरते आणि जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर जाऊन थांबते. सॉफ्टवेअरची नेहमीची पद्धत खिडकीची आकृती सूर्याच्या दिशेने समोरच्या पृष्ठभागांवर टाकून पाहण्याची आहे. बहिर्वक्र खोलीत प्रत्येक किरणाला एकच भिंत मिळते, त्यामुळे ती बिनचूक चालते. ‘एल’मध्ये मात्र एकाच किरणाच्या वाटेवर दोन भिंती आल्या, आणि जवळची भिंत लांबच्या भिंतीला झाकते हे ठरवण्याची सोय त्या हिशेबात नाही. मग जिथे सूर्य कधीच पोचत नाही अशा भिंतीच्या नावावर ऊन जमा होऊ शकते.

यावर सरधोपट उपाय म्हणजे ‘एल’ मोडून दोन आयत करणे. दोन्ही आयत बहिर्वक्र, अट पुरी. पण वळणावर जी रेघ ओढली, तिथे मॉडेलमध्ये भिंत उभी राहते. घरात ती भिंत नाही. दुपारी नैर्ऋत्येकडून येणारे जे ऊन खरोखर एका हातातून दुसऱ्यात जाते, ते आता या काल्पनिक भिंतीवर अडते. भूमितीची एक चूक टाळण्यासाठी दुसरी केली. अलीकडच्या आवृत्त्यांत अशा जागी भिंतीऐवजी ‘हवेची सीमा’ घालता येते. तिने जोडलेले झोन किरणांच्या हिशेबापुरते एकच मोठी पोकळी मानले जातात. सुधारणा चांगली आहे, पण दोन बहिर्वक्र तुकडे जोडून झालेली पोकळी पुन्हा ‘एल’च असते. आकाराचा प्रश्न आपण फिरवत राहतो, तो नाहीसा होत नाही. म्हणून कुठली चूक आपल्या कामाला कमी घातक, हे माणसानेच ठरवावे लागते. ते ठरवायला खोलीतल्या उन्हाची कल्पना डोळ्यांसमोर हवी.

घरांपेक्षा कचेऱ्यांच्या मॉडेलांत ही रेघ जास्त निर्णायक ठरते, कारण तिथे ती नियमाने ओढली जाते. अमेरिकेत ‘आश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे ९०.१ क्रमांकाचे मानक जवळपास कायद्यासारखे वापरले जाते. त्याच्या ‘जी’ परिशिष्टात सांगितले आहे की वातानुकूलनाचे झोन अजून ठरलेले नसतील, तर काचेच्या बाहेरच्या भिंतीपासून १५ फुटांपर्यंतचा पट्टा वेगळा झोन धरावा, प्रत्येक दिशेला स्वतंत्र, आणि मधला भाग वेगळा. त्यामुळे आयताकृती मजल्याचे पाच तुकडे होतात: चार बाजूंना चार समलंब पट्टे आणि मध्ये गाभा. ऊर्जा खात्याने संदर्भासाठी ज्या नमुना इमारती केल्या, त्यांतली मध्यम आकाराची कचेरी तीन मजल्यांची, ५३,६२८ चौरस फुटांची आणि प्रत्येक मजल्यावर नेमकी अशा पाच झोनांची आहे. हा नमुना इतक्या ठिकाणी उचलला गेला आहे की अनेक तरुण इंजिनिअरांच्या मनात इमारत म्हणजे हीच आकृती.

१५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. आता न्यूयॉर्क घ्या. अक्षांश सुमारे ४०.७, म्हणून २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो. दक्षिणेच्या काचेचा वरचा काठ जमिनीपासून २.७ मीटरवर असेल, तर त्या काठावरून आलेला किरण भिंतीपासून साडेपाच मीटर आत जमिनीला टेकतो. शिकागोत सूर्य आणखी खाली, तिथे हेच अंतर पावणेसहा मीटरच्या पुढे जाते. म्हणजे वर्षातल्या ज्या दिवसांत फुकटच्या उबेची सर्वांत गरज, नेमके त्या दिवसांत ऊन १५ फुटांची रेघ ओलांडून गाभ्यात शिरते. आणि मॉडेलमध्ये त्या रेघेवर भिंत आहे. आतल्या टेबलाशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत येणारे ऊन, त्याने त्रासून खाली ओढलेला पडदा, पडद्यामुळे लागलेले दिवे, हे काहीच हिशेबात येत नाही.

मुंबईत हाच किरण किती आत येतो? अक्षांश १९, डिसेंबरच्या दुपारी सूर्य ४७ अंशांच्या वर, तेव्हा २.७ मीटरच्या काठावरचा किरण अडीच मीटरच्या आतच संपतो. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा दुपारी थेट ऊन येतच नाही, त्रास असतो तो पूर्व-पश्चिमेचा आणि थोडा उत्तरेचाही. एकच १५ फुटांचा आकडा न्यूयॉर्कला अपुरा पडतो आणि मुंबईला गरजेपेक्षा मोठा होतो. तरी अमेरिकी सॉफ्टवेअरबरोबर अमेरिकी सवयी आपल्याकडे येतात आणि पुण्यामुंबईच्या इमारतींनाही डोळे मिटून तोच पट्टा लावला जातो.

कोपऱ्यातल्या खोलीची गोष्ट तर मला फारच बोलकी वाटते. अमेरिकी कचेरीत कोपऱ्यातली, दोन बाजूंना काच असलेली खोली वरिष्ठाला मिळते. मानाची जागा ती. आग्नेयेच्या कोपऱ्यात सकाळी पूर्वेचे ऊन येते आणि ते पुरते ओसरण्याआधीच दक्षिणेचे सुरू होते. मानक सांगते की दोन दिशांच्या काचांपासून १५ फुटांत येणारी जागा दोन्ही झोनांत प्रमाणात वाटून टाकावी. व्यवहारात कोपऱ्यातून तिरकी रेघ जाते. पूर्वेची काच पूर्वेच्या लांबलचक झोनला मिळते, दक्षिणेची काच दक्षिणेच्या. त्या खोलीतली उष्णता दोन मोठ्या पट्ट्यांत विरघळून जाते. मॉडेलच्या लेखी ती खोलीच नसते. मग इमारत उभी राहते, वरिष्ठ त्या खोलीत बसतात, मार्चमधल्या सकाळी घामाघूम होतात आणि थर्मोस्टॅट खाली ओढतात. त्याच यंत्राच्या फांदीवर असलेले शेजारचे सहा जण स्वेटर चढवतात. मॉडेलच्या अहवालात त्या तासाला सगळे समाधानी असतात.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे अख्खा मजला एक झोन धरणे. घाईत, सुरुवातीच्या आराखड्यात, हे सर्रास होते. समजा शिकागोत जानेवारीची स्वच्छ दुपार आहे. दक्षिणेच्या काचेतून दहा किलोवॉट ऊब आत येते आहे आणि उत्तरेच्या काचेतून दहा किलोवॉट बाहेर जाते आहे. मजला एक झोन असेल, तर बेरीज शून्य, यंत्रे बंद, वीजबिल नाही. खऱ्या इमारतीत दक्षिणेचे लोक गारवा मागत असतात आणि उत्तरेचे ऊब. जिथे छतातल्या पेट्यांतून गार हवा सोडून गरज पडेल तिथे तीच पुन्हा तापवण्याची पद्धत आहे, आणि अमेरिकी कचेऱ्यांत ती पुष्कळ ठिकाणी आहे, तिथे दोन्ही बाजूंचे पैसे मोजावे लागतात. नळातले गार आणि गरम पाणी एकत्र करून सरासरी कोमट म्हणावे, तसा हा एक-झोनी हिशेब आहे. त्यामुळे काच कमी करावी का, छज्जा किती काढावा, दक्षिणेला वेगळी काच घ्यावी का, या प्रश्नांना तो उत्तरच देऊ शकत नाही, कारण प्रश्न ज्या फरकातून उभे राहतात तो फरकच त्याने पुसून टाकलेला असतो.

या सगळ्यावर जाणकार एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, काचेतून किती ऊन आत आले हे बाहेरच्या भूमितीवर ठरते. ते जमिनीवर पडले काय किंवा भिंतीवर पडले काय, उष्णता आतच आहे. वर्षाच्या बेरजेत फरक थोडा पडेल, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? सर्वत्र गालिचा, हलक्या जिप्समच्या भिंती आणि दिवसरात्र चालणारी यंत्रे असलेल्या इमारतीपुरते मी हे मान्य करतो. तिथे उष्णता जिथे पडते तिथून लगेच हवेत येते. पण जिथे जड काँक्रीट किंवा मातीची भिंत आहे, तिथे ऊन कशावर पडले यावर ते दुपारी दोनला जाणवेल की रात्री दहाला हे ठरते. अमेरिकेत आता विजेचे दर अनेक ठिकाणी तासागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात दुपारी सौर वीज उतू जाते आणि सूर्य मावळताना टंचाई होते. उष्णता किती, एवढाच प्रश्न होता तेव्हाची सूट आज कधी आणि कुठे हे प्रश्न आल्यावर लागू होत नाही. शिवाय खोलीत शिरलेल्या उन्हाचा काही भाग परत काचेतून बाहेर जातो. काचेसमोर फिकट भिंत असेल तर जास्त, खोल आणि काळसर खोली असेल तर कमी. यंत्रे केवढी घ्यायची हे वर्षाच्या बेरजेवर ठरत नाही, सर्वांत वाईट तासावर ठरते. आणि माणसाला सुख वाटते की नाही हे तर तो खोलीत कुठे बसला आहे यावर अवलंबून आहे.

सॉफ्टवेअरच्या परीक्षाही इथे फारसा आधार देत नाहीत. १९९५ मध्ये कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या रॉन जुडकॉफ आणि जोएल नेमार्क यांनी ‘बेसटेस्ट’ नावाची चाचणी तयार केली. पुढे तीच आश्रेचे १४० क्रमांकाचे मानक झाली. काम मोलाचे होते. त्याआधी दोन सॉफ्टवेअरची उत्तरे का जुळत नाहीत हे सांगायला सामाईक भाषाच नव्हती. तिच्या पायाभूत चाचणीतली खोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, २.७ मीटर उंच, दक्षिणेला १२ चौरस मीटर काच. शुद्ध खोका, पूर्ण बहिर्वक्र. ज्या सॉफ्टवेअरला आतल्या उन्हाची वाटणी स्वतः काढता येत नाही, त्याच्यासाठी तीही आधीच ठरवून दिलेली: पहिल्या आघाताला सगळे जमिनीवर, म्हणून शेवटी सुमारे ६४ टक्के जमिनीच्या वाट्याला, उरलेले छत, भिंती आणि परत काचेबाहेर. सॉफ्टवेअरची एकमेकांशी तुलना करायची तर असे करणे योग्यच. पण परीक्षा खोक्यावर झालेली आणि वापर ‘एल’, ‘यू’ आणि वाकड्या आकारांवर, हे अंतर विसरून ‘आमचे सॉफ्टवेअर १४० प्रमाणे तपासलेले आहे’ एवढ्यावर अहवाल उभा राहतो.

२००८ मध्ये न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूट या संस्थेने हरित इमारतींचे ‘लीड’ मानांकन मिळालेल्या १२१ इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर मॉडेलच्या अंदाजाशी ताडून पाहिला. सगळ्यांची सरासरी अंदाजाच्या जवळ आली, पण एकेकट्या इमारती दोन्ही बाजूंना दूरदूर विखुरलेल्या निघाल्या. त्या विखुरण्याला लोकांच्या सवयी, यंत्रांची देखभाल, कामाचे तास अशी बरीच कारणे आहेत. सगळा दोष झोनांवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही सरासरीवर विश्वास ठेवून एका इमारतीचे निर्णय घेण्यातला धोका त्यातून दिसतो, आणि हातात असलेली कारणे आधी दुरुस्त करावीत एवढा धडा त्यात नक्की आहे. सवयी इंजिनिअरच्या हातात नसतात. रेघ असते.

भूमितीविषयीचे गृहीतक बाहेरच्या बाजूने कसे उलटते याचे उदाहरण डॅलसमध्ये आहे. तिथले नॅशर शिल्पसंग्रहालय रेंझो पियानो यांनी रचले, ते २००३ मध्ये उघडले. काचेच्या छतावर ओतीव ॲल्युमिनियमची जाळी आहे. तिची भोके डॅलसच्या सूर्याच्या वर्षभराच्या वाटेप्रमाणे अशी कललेली की उत्तरेचा शांत उजेड आत यावा आणि थेट ऊन कधीच येऊ नये. आकाशातल्या सूर्यापुरते ते गणित निर्दोष होते. नंतर शेजारी ४२ मजल्यांचा म्युझियम टॉवर उभा राहिला. त्याच्या चकचकीत काचेवरून उसळलेले ऊन नेमके त्या बाजूने येऊ लागले, जिकडून सूर्य येणार नाही असे धरले होते. २०१२ मध्ये हा वाद देशभर गाजला. एनर्जीप्लसमध्येही समोरच्या इमारतींवरून येणाऱ्या परावर्तनाचा हिशेब ही वेगळी, वेळखाऊ निवड आहे, आपोआप होणारी नाही. शहरात काम करणाऱ्याने ती निदान एकदा तरी चालवून पाहावी.

ज्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला त्यांनी काय केले तेही पाहावे. न्यूयॉर्क टाइम्सची मॅनहॅटनमधली नवी इमारत, तीही पियानो यांचीच, २००७ मध्ये पुरी झाली. बांधकामाआधी कंपनीने बर्कलीच्या प्रयोगशाळेला बरोबर घेऊन क्वीन्समध्ये मजल्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याची सुमारे ४५०० चौरस फुटांची खऱ्या मापाची प्रतिकृती उभी केली. तिच्यात पडदे आणि दिवे यांच्या यंत्रणा महिनोन्‌महिने मोजून पाहिल्या. कोपराच निवडला हे लक्षात घ्या. पाच झोनांच्या आकृतीत जो नाहीसा होतो, तोच. उजेडाच्या अभ्यासासाठी ग्रेग वॉर्ड यांनी बर्कलीत लिहिलेले ‘रेडियन्स’ हे सॉफ्टवेअर प्रत्येक किरणाचा पाठलाग करते, त्यामुळे खोली बहिर्वक्र असण्याची अट त्याला नाही. उजेडवाले आणि उष्णतावाले एकाच उन्हाचा अभ्यास दोन वेगळ्या भूमितींवर करतात आणि बहुतेक प्रकल्पांत एकमेकांच्या फाइली उघडतही नाहीत, याची मला खंत वाटते.

प्रत्येकाने प्रतिकृती बांधावी असे कोणी म्हणणार नाही. पण प्रश्नाप्रमाणे भूमिती निवडणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. प्रश्न वर्षाच्या बिलाचा असेल तर साधे पट्टे पुरतात. प्रश्न छज्ज्याचा, काचेचा किंवा जड भिंतीत ऊब साठवण्याचा असेल, तर त्या खोलीपुरते तरी झोन बहिर्वक्र करून ऊन प्रत्यक्ष पडेल तिथे मोजले पाहिजे. कोपऱ्याला त्याचा स्वतःचा झोन दिला पाहिजे. हिवाळ्यातल्या एका दुपारी सर्वांत वरचा किरण किती आत टेकतो हे कागदावर काढायला दोन मिनिटे लागतात आणि पट्टा किती रुंद ठेवायचा ते तिथेच कळते. शंका राहिली तर रेघ दोन वेगळ्या ठिकाणी ओढून मॉडेल दोनदा चालवावे. उत्तर हलले नाही तर निश्चिंत व्हावे, हलले तर ग्राहकाला तसे सांगावे. आजच्या संगणकावर याचा खर्च एका चहाच्या वेळेएवढाही नाही. १९७० च्या दशकातली काटकसर त्या काळाची गरज होती. आज ती नुसती सवय उरली आहे.

जबाबदारी एकट्या इंजिनिअरची नाही. मानांकन देणाऱ्या संस्था आणि परवाने देणारी नगरपालिका खाती अहवालात भिंतीचा उष्णतारोध, काचेचा गुणांक, दिव्यांचे वॉट बारकाईने तपासतात. झोन कसे पाडले आणि उन्हाच्या वाटणीची कुठली निवड वापरली, या दोन ओळी त्यांनी पहिल्या पानावर सक्तीने मागाव्यात. ज्या झोनात आत घुसलेला कोपरा आहे, त्याचे काय केले हेही मागावे. सॉफ्टवेअर अशा चुकांच्या सूचना देते, पण त्या इशाऱ्यांच्या लांबलचक फाइलीत पडून राहतात आणि गणित पुढे चालूच राहते. ती फाइल अहवालाला जोडण्याचा नियम केला, तर निम्मे काम होईल.

अमेरिकेतल्या विद्यापीठांतून या क्षेत्रात येणारी मराठी मुले-मुली पुष्कळ आहेत, आणि अमेरिकी इमारतींची मॉडेले पुण्यात बसून करणारेही. त्यांना माझी विनंती आहे. पुढचे मॉडेल पाठवण्याआधी त्यातला एक कोपरा निवडा, २१ डिसेंबरची दुपार लावा आणि ऊन कुठे पडते आहे ते स्वतः पाहा. ते तुमच्या झोनच्या रेघेवर अडत असेल, तर रेघ हलवा.